हात मांडीखाली

त्या दिवशीच्या माझ्या यादीत सात कामं होती. पाचवं होतं, 'अप्पांना फोन : शनिवारी नव्या तिघी येणार, वेळ ठरवणे.' चौथ्यावर रेघ मारत होते तेवढ्यात आष्टीहून संगीताचा फोन आला. "ताई, आत्ता दुकानात फोन लावलता. अप्पा गेले पहाटे..." मी विचारलं, "कोणते अप्पा?" बीडमध्ये गल्लोगल्ली अप्पा आहेत, पण आम्हा दोघींत एकच, हे ठाऊक असूनही विचारलं. मग उरलेली यादी तशीच ठेवून निघाले.

मन्मथअप्पांचं बाजारात शिलाई मशीनचं दुकान होतं. साठी ओलांडल्यावर त्यांना इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचा नाद लागला. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा हा कोश. तेव्हा मोबाइल लोकांच्या खिशात आले होते, पण इंटरनेटसाठी कॅफेतच जावं लागे, आणि तिथल्या बहुतेक कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. दुकानासमोरच्या कॅफेवाल्याच्या मागे लागून अप्पांनी दारापासून तिसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी बसवून घेतली. दर शनिवारी दुपारी ते दुकानातलं लाकडी स्टूल उचलून रस्ता ओलांडत. खुर्ची नव्या माणसाला, स्टूल स्वतःला. आणि बसताना दोन्ही हात मांडीखाली घालत, म्हणजे चुकूनही माउसला लागू नयेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्यांनी कारण सांगितलं ते दुकानातलं होतं. "मशीन घेतलेल्या बाईला दोरा मी ओवून दिला, तर ती उद्या परत येती. तिचा तिनं ओवला, तर परवा झबलं शिवती."

मी कार्यालयात आवक-जावक सांभाळणारी बाई. पहिल्या शनिवारी माझ्या गावाची, नेकनूरची, माहिती दोन फुलस्केप भरून नेली होती. अप्पांनी ती वाचली, कौतुक केलं आणि म्हणाले, "बाहेरच्या माणसाला जे इचारावं लागतंय, ते पहिलं लिहा." दुसरी सूचना व्यवहाराची होती. "दर दोन ओळींनी जतन करा. लाइटीचा भरवसा न्हाई." वर्षभरात मी तालुक्यातल्या गावांच्या याद्या लावून टाकल्या. नवीन पानांवर लक्ष ठेवायचं कामही माझं मीच घेतलं. हेच काम मला नडलं.

एका शनिवारी मेंढपाळांवरचं एक नवं पान दिसलं. पावसाळा संपल्यावर मेंढ्यांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, कुठून कुठे जातो, लोकर केव्हा कातरतात, कोणतं गवत चालत नाही, असे चार परिच्छेद होते आणि संदर्भ एकही नाही. मी नियमाप्रमाणे एक ओळ ठेवली, बाकी पुसलं, कारण लिहिलं, 'संदर्भ नाही', आणि पुढच्या पानाकडे वळले. सगळं पाच मिनिटांत. पुढच्या आठवड्यात अप्पांनी मला पानाचा इतिहास उघडायला लावला. पुसलेले चारही परिच्छेद तिथे जसेच्या तसे होते. "मजकूर परत आणता येतोय, ताई," ते म्हणाले. "हे लिहिणारी पोरगी त्या दिवसापासून फिरकली न्हाई. तिला कसं आणायचं?" ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. माझ्यामुळे एक माणूस दारातूनच परत गेलं होतं, आणि ते मला सात दिवस कळलंही नव्हतं.

तिच्या सदस्य पानावर आष्टीजवळच्या शाळेचं नाव होतं. पुढच्या रविवारी अप्पा आणि मी एसटीने गेलो. ती मुलगी म्हणजे संगीता, त्या शाळेत शिक्षिका. घर मेंढपाळाचं, वडील, आबा, दारात घोंगडीवर बसले होते. मी नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमीच का त्या? तीन तास लागलते मला ते टाइप करायला. मला वाटलं, हे आपल्यासारख्याचं काम न्हाई." मी माफी मागितली. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुसायचंच असतंय, तर लोकांना लिहायला लावायचं कावून?" अप्पा म्हणाले, "फळाबी रोज पुसतेत की, आबा. तुमच्या मास्तरीणबाईला इचारा." आबा हसले आणि चहा आला. मग मी छापील आधार का लागतो ते सांगितलं. आबा म्हणाले, "छापलेलं पाहिजे व्हय? जनावराच्या दवाखान्यात पुस्तिका हाय लोकरीची. त्यातलं अर्धं मीच त्या सायबाला सांगितलतं."

निघताना अप्पांनी संगीताला शनिवारी कॅफेत बोलावलं. ती येईल याची मला खात्री नव्हती. पण ती आली, पुस्तिका पदराखाली धरून. अप्पांनी खुर्ची तिला दिली आणि स्टूल माझ्यापुढे सरकवलं. ती एकेक अक्षर शोधत होती. मला कळ कुठे आहे ते दिसत होतं, आणि माझा हात आपोआप उठायचा. मागून आवाज यायचा, "ताई, हात." शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. एवढं अवघड काम मी कार्यालयात कधी केलं नाही. मधेच लाइट गेली, तीन ओळी गेल्या. संगीता म्हणाली, "आता पाठ झाल्यात." आणि पुन्हा लिहिल्या. ते पान आज भलं मोठं झालं आहे, आणि आष्टीत ती स्वतः नव्यांना घेऊन बसते.

अप्पांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाला बसवूनच माती देतात. घरी दर्शनाला गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसवलेले होते, गळ्यात हार, कपाळाला भस्म. माझी नजर हातांकडे गेली. ते मांडीवर होते, उघडे... इतक्या वर्षांत मी ते असे निवांत पाहिलेच नव्हते.

शनिवार रद्द करावा असं माझ्या मनात होतं. संगीता म्हणाली, "त्या तिघींना काय सांगायचं मग?" शनिवारी दुकानाशी गेले तर अप्पांच्या मुलाने स्टूल दुकानाच्या पायरीवर काढून ठेवलं होतं. मी ते उचलून रस्ता ओलांडला. तिघींतली पहिली नेकनूरकडचीच निघाली. चार ओळी लिहून झाल्यावर ती पडद्यावर इकडेतिकडे पाहू लागली. "ताई, तुमीच दाबा की."

"माझे हात अडकलेत," मी म्हणाले.

ती खाली वाकून बघून हसली आणि पुन्हा शोधायला लागली. जतन करायचं बटण मला केव्हाच दिसत होतं.