चांगुणाबाईची वस्त्रगाळ धूळ

बाळंतिणीची सुंठ असो की घरची हळद, वस्त्रगाळ हवी असली की आमचं गाव चांगुणाबाईकडे जायचं. घागरीच्या तोंडावर जुनं, मऊ लुगडं ताणून बांधायची आणि हलक्या हातानं चाळायची. पोटासाठी मात्र ती देऊळगाव राजाच्या वाटेवरच्या खडी क्रशरवर राबायची.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेच्या योगिनी मॅडम आल्या. आपल्याकडचा काळा दगड बराचसा चंद्रावरच्या दगडासारखा, म्हणून त्याच्या ताज्या भुकटीची, प्रयोगांसाठी, नकली चंद्रमाती करायची होती. यंत्रातून हवी तेवढी बारीक पडेना. मी गावचा मास्तर. नको तिथे शहाणपणा करायची खोडच आहे मला. मीच त्यांना चांगुणाबाईकडे नेलं.

"मावशी, चंद्रावर जाणाऱ्या माणसांसाठी आहे बरं!" मॅडम म्हणाल्या. बाई हरखली. वाऱ्यानं बारीक भुकटी उडते म्हणून खोलीचं दार-खिडकी लावून, नाकाला पदर बांधून ती चाळायला बसली. उन्हात खडी वाहण्यापेक्षा सावलीतलं काम बरं, म्हणून सून जयमालालाही तिनं हाताशी घेतलं. मॅडम यायच्या, तिच्या हातची भाकरी-ठेचा मिटक्या मारत खायच्या. चाळायची वेळ झाली की नेमका त्यांचा फोन वाजायचा आणि त्या बाहेर निंबाखाली जायच्या.

यंदा दोघी खोकू लागल्या. जयमालाला पाण्याचा हंडा आणताना तीनदा थांबावं लागे. डॉक्टर म्हणाले, धुळीतलं काम बंद करा. बाईनं लगेच क्रशर सोडला. चाळणं नाही सोडलं. सुंठ-हळदीसारखं ते काम, त्याला धूळ कोण म्हणणार?

परवा आमच्या शाळेत मॅडमचं व्याख्यान झालं. पहिल्या खुर्चीत चांगुणाबाई, मांडीवर सत्काराची शाल आणि नारळ. मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून धुळीचे कण झिजत नाहीत, काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात. तिथे गेलेल्या एकाला यानात परतल्यावर शिंका आल्या, घसा धरला. ही धूळ फुप्फुसात खोल रुतते. "आमची नकली मातीसुद्धा कमी नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "प्रयोगशाळेत मास्कशिवाय कुणी पिशवी उघडत नाही."

चांगुणाबाई उठली.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

मॅडमचा चेहरा उतरला. "मावशी, मास्क आणले होते, गाडीत राहिले. बंद खोलीत तुम्हाला उकडलं असतं, काम झालं नसतं..."

"उकडलं असतं तं म्या काढला असता. तुह्या हातानं देऊन तं पाह्यचा होता! माह्या ताटात जेवली तू, पोरी. दगा केला." बोलता बोलता ती दचकली. "जयमाला चाळून राह्यली अजून!"

शाल, नारळ खुर्चीवर टाकून ती निघाली. मी मागोमाग पळालो. माझीही मान वर होत नव्हती.

बाईनं दार ढकललं. आत राखाडी धुकं. तिनं घागरीवरचं लुगडं ओढून फेकलं आणि सुनेला दंडाला धरून बाहेर निंबाखाली आणलं. जयमालाच्या पापण्यासुद्धा राखाडी झाल्या होत्या. ती घाबरून सासूकडे पाहत राहिली, खोकली, आणि म्हणाली,

"काय झालं आत्याबाई? भुकटी जाड पडली का?"