जड ती हार्ड डिस्क चांगली

हार्ड डिस्क वजनावर घ्यावी, असं माझं ठाम मत होतं. कुकर, कुलूप, पंखा, सगळं मी हातात तोलूनच घेतो. जड असेल तेच टिकतं. बाकीचे लोक कंपनी आणि जीबी बघत बसतात, कारण त्यांना अक्कल नसते.

आमचा घरचा कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर चहा व्हायचा, पिऊन व्हायचा आणि कपही धुऊन व्हायचे! पण त्यात बायकोचा, सुनंदाचा, जीव अडकलेला. तिच्या आईनं, म्हणजे चांदूर रेल्वेच्या माझ्या सासूबाईंनी, गायलेली भीमगीतं तिनं त्यात भरून ठेवली होती. सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज तेवढा तिथं उरला, दुसरीकडे कुठंच नाही.

"नवी डिस्क बसवा, पण आईच्या गाण्याले धक्का नाही लागला पाह्यजे."

"मी काय लहान पोट्टा आहो?"

अमरावतीचे दुकानदार मला पसंत नाहीत (ते मला ओळखतात). म्हणून स्क्रीन घरीच ठेवली, कॉम्प्युटरचा डबा जुन्या साडीत बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन अकोला गाठलं.

दुकानदारानं एक चपटी डबी पुढे केली. "साहेब, हे एसएसडी घ्या, नव्या पद्धतीची डिस्क. लय फास्ट चालते."

मी तोलून पाहिली. बिस्किटाचा पुडा जड लागला असता. "आत काही आहे, का नुसतं खोकं विकून राहिले?"

शेवटी दुकानातली सगळ्यात जड हार्ड डिस्क मी निवडली. वर जुनी मोडीत घ्यायला लावली. आमच्याकडे जुनं मोडीत दिल्याशिवाय नवं घेतल्यासारखं वाटतच नाही.

"जुन्यातलं काढून घेतलं ना साहेब?"

मला त्याची कीव आली. "अहो, गाणे स्क्रीनवर असतात. मी रोज पायतो. अन् स्क्रीन घरी आहे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी समजलो, माणूस प्रभावित झाला.

घरी येऊन तारा जोडल्या. स्क्रीनवर नुसता निळा रंग!

"आईचे गाणे कुठी गेले?" सुनंदानं विचारलं.

मी स्क्रीन फडक्यानं पुसून पाहिली. (खरंच पुसली.) ती चपला घालायला लागली.

दुसऱ्या एसटीनं आम्ही दोघं परत अकोल्यात. दुकानदारानं खोकं पुढं ओढलं. आत मोडीतल्या नऊ-दहा डिस्का, सगळ्या सारख्या.

"कोणती तुमची?"

मी एकेक तोलली. मेल्या सगळ्या सारख्याच जड!

मग तो एकेक जोडून पाहू लागला. एकीत कुणाचं लग्न निघालं, दुसरीत कुणाच्या बदलीचे अर्ज. गिऱ्हाईकं तमाशा पाहायला जमली. सुनंदा पदर मुठीत धरून स्टुलावर बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. आवाज गेला असता, तर तो मी मोडीत घातला असता.

पाचव्या डिस्कमध्ये कुणीतरी खोकलं. सुनंदाच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग सासूबाईंचा खणखणीत आवाज दुकानभर घुमला, "सुनंदे, जावई बाहीर गेले ना? मंग लवकर भरून घे बाई. ते आले का मलेच गाणं शिकवतात."

अख्खं दुकान हसलं. सुनंदा रडता रडता हसली.

दुकानदार मात्र गंभीर होता. "साहेब, दुसऱ्याची डिस्क देता येत नाही मले. हे तुमचीच कायवरून?"

"माहीच आहे," मी खाली मान घालून म्हणालो. "तो जावई मीच."