विहीणबाईंचे गुलाबी मूग

माझ्या विहीणबाई, अनसूया, हमरापूरच्या. घरचाच गणपतींचा कारखाना, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याशिवाय कुणी करत नाही. बाई कामाला वाघ आणि जिभेला तिखट. माझी वैशाली त्यांची सून झाली तेव्हा मी मनात म्हटलं, आता पोरीचं काही खरं नाही. पण वैशालीला दिवस गेले आणि विहीणबाईंनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. मला बोलायला जागाच उरली नाही, याचा थोडा रागही आला.

कुणीतरी त्यांना सांगितलं, गरोदर बाईला मोड आलेले मूग चांगले. झालं! बाईंनी मनावर घेतलं. त्यांचं मोड काढणं म्हणजे कडक सोवळंच. मूग परातीत पसरून फुटके, किडके, खडे वेचायचे. दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवायचे. भिजत घालायला पाणी उकळून गार केलेलं. पातेलं वेगळं, कढत पाण्याने विसळलेलं. फडकंसुद्धा उकळून उन्हात वाळवलेलं. मोडांना जरा आंबूस वास आला की सगळे उकिरड्यावर. मी म्हटलं, "अहो, मूग आहेत की ऑपरेशनची हत्यारं?"

"तुमच्या रोह्यात चालत असंल कसापन, माझ्या घरात नाय," त्या म्हणाल्या.

एवढं करूनही व्हायचा तो घोळ झालाच. घरातले मूग संपले म्हणून त्यांनी माळ्यावरचा एक डबा काढला. पहिल्याच पाण्याला गुलाबी रंग सुटला. दुसरीकडे कुठे बाई दचकली असती. पण हमरापुरात, रंगकामाच्या दिवसांत, गुलाबी पाण्याचं काय कौतुक? तिथे चहाच्या कपावरही रंगाची बोटं असतात. "कोणी गो रंगाचा हात घातला डब्यात?" म्हणून त्यांनी सुनेला झापलं, पाणी निवळेपर्यंत मूग धुतले आणि पुढचं सगळं नेहमीसारखं केलं. मोड छान आले. सकाळी वाटीभर कच्चे मूग, वर ओलं खोबरं नि लिंबू, असे त्यांनी वैशालीच्या हातात दिले आणि त्या आखणीला बसल्या. थोड्या वेळाने रिकामी वाटी परत आली.

दुपारी त्यांचे यजमान काळुराम माळ्यावर काहीतरी शोधत होते. रिकामा डबा बघून म्हणाले, "यातला बियाणा कुठं गेला?"

गेल्या सालच्या पेरणीतलं उरलेलं, औषध चोळलेलं बियाणं होतं ते. पिशवी उंदरांनी कुरतडली म्हणून त्यांनीच डब्यात ओतलं होतं आणि सांगायचं विसरले होते. तो गुलाबी रंग मूर्तीचा नव्हता, बियाण्यावरच्या विषारी औषधाचा होता. आणि नेमकी त्याच वेळी वैशाली मोरीत ओकत होती.

मला फोन आला तेव्हा बाईंना नीट बोलताही येत नव्हतं. "विहीणबाय, मी पोरीला इख घातला. पेणला नेते," एवढंच. मी तशीच दाराबाहेर धावले. शेजारच्या मुसाभाईंनी गाडी काढली. नागोठण्यापर्यंत मी देवाचं नाव घेतलं, तिथून पुढे विहीणबाईंच्या नावाने खडे फोडले. वडखळला ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि फोन वाजला. उचलायचा धीर होईना. शेवटी मुसाभाईंनीच उचलला, ऐकलं आणि स्टिअरिंगवर थाप मारली.

"ताई, पोरीनं खाल्लेच नायत! केळीखाली पुरून टाकले!"

मी आधी रडले, मग हसले, मग पाणी प्यायले. पुढचे ट्रक मला एकदम सोयरे वाटायला लागले.

झालं होतं असं. सुनेला घाबरवायचं नाही म्हणून विहीणबाईंनी रिक्षात तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, ओकारीसाठीच आणलंय. डॉक्टरीणबाईंसमोर औषधाची गोष्ट निघाली तेव्हा तिने कबूल केलं. मोडांचा वास तिला सहनच होत नव्हता, पण सासूला सांगायची छाती नव्हती. ओकाऱ्या नेहमीच्याच होत्या. तरी डॉक्टरांनी नीट तपासलं. आई आणि बाळ दोघं उत्तम.

मी पेणला पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई विहीणबाईंचीही शाळा घेत होत्या. पेरणीचं बियाणं स्वयंपाकघराच्या आसपाससुद्धा नको. आणि या दिवसांत साधे मोडही कच्चे नकोत. जंतू दाण्याच्या आतही असतात, कितीही धुतलं तरी जात नाहीत. चांगले शिजवूनच द्यायचे. विहीणबाई प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होत्या. इतकं निमूट ऐकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. वाटेत दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

मग त्या वैशालीजवळ बसल्या. डोळे सुजलेले, हातावर शेंदरी रंग तसाच.

"पुरलास ता बरा केलास गो बाय," त्या म्हणाल्या. "पन यापुढं नको असंल ता माझ्या तोंडावर सांग. माझ्या भ्यानं गिळू नको नि माझ्या भ्यानं पुरू पन नको."

वैशालीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे वळून म्हणाली, "मग आई, ते सकाळचं मेथीचं पाणी पण नको."

विहीणबाईंनी हातावरचा शेंदरी रंग पदराला पुसला.

"बरा," त्या म्हणाल्या.