दुपारचा लेप

इंदूरला बाबांची कापडगिरणी बंद पडल्यापासून "थोडं थांबा, सगळं ठीक होईल" या वाक्याचा मला मनस्वी संताप यायचा. दर रविवारी गिरणीच्या फाटकाशी मीटिंग भरायची आणि दर रविवारी कोणीतरी पुढारी येऊन हेच वाक्य ऐकवून जायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते. बाबांनी गिरणीची आशा सोडली म्हणून जाहीर केलं आणि लग्नाच्या वरातींना भाड्यानं द्यायला एक पांढरी घोडी घेतली. आशा सोडली म्हणायचं, पण दुपारचं जेवण झालं की सायकल काढून फाटकावर एक चक्कर मारायचेच.

जन्मभर मागाशी उभा राहिलेला हा माणूस घोडीशी दिवसभर बोलत बसायचा. बँडच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून एकदा तिला विजय नगरला एका मिरवणुकीत घेऊन गेले. तिथल्या नव्या गुळगुळीत रस्त्यावर तिचा पुढचा पाय घसरला. सरकारी डॉक्टर म्हणाले, नस ताणलीये, आराम द्या. देवउठनी ग्यारसपासून, म्हणजे कार्तिकी एकादशीपासून, लग्नं सुरू होणार होती आणि त्याला जेमतेम तीन आठवडे होते. तोवर घोडी चालली नाही, तर बेटमा गावचा एक घोडेवाला तिला विकत न्यायला टपूनच बसला होता. गिरणीपाठोपाठ घोडीही गेली तर बाबांचं काय होईल, हाच विचार माझ्या डोक्यात घोळायचा.

तेवढ्यात महूचे आजोबा आले. हे बाबांचे दूरचे काका, लष्करात घोड्यांच्या दवाखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी हाताची पालथी बाजू सुजेवर ठेवली आणि म्हणाले, "अरे भिया, आत आग लागलीये हिच्या. आगीवर पाणीच घालतात ना? दिवसातून तीन टाइम, बीस-बीस मिनट, थंड पाण्यात उभी कर. आणि गरम काही लावायचं नाही, बिल्कुल नाही. थोडं सबर ठेव, होईल ठीक."

झालं! तेच वाक्य.

राजेंद्र नगरला आमच्या घरामागे तेव्हा शेतं होती. बाबांच्या गिरणीतल्या एका दोस्ताच्या विहिरीपाशी घोडी बांधलेली असायची. तिथे म्हशींसाठी सिमेंटचा हौद होता. पंप सुरू करायचा आणि वाहत्या पाण्यात घोडीला गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उभी करायची. आजोबा धोतर खोचून तिच्याबरोबर पाण्यात उतरायचे आणि घड्याळ बघत राहायचे. मी काठावरून त्यांना बघत राहायची. दवाखान्यात होते म्हणतात, पण डॉक्टर होते की बादल्या भरायला होते? आणि नुसत्या पाण्यानं कधी कोणाची नस बरी झालीये? आमच्याकडे मुरगळलं की गरम हळद-चुना, पिढ्यान्‌पिढ्या. पाण्यानं उलट वात धरतो.

मी बी. ए. होऊन घरीच बसले होते. तिसऱ्या दिवशी बाबा फाटकावर गेले, आजोबा जेवून आडवे झाले, तेव्हा मी स्टोव्हवर हळद-चुना खदखदवला, डब्यात भरला आणि घोडीच्या पायाला चांगला जाड थापला. तिनं पाय मागे ओढला, अंग थरथरलं. मला वाटलं, लागू पडतंय. संध्याकाळच्या आत पुसून टाकला. पांढऱ्या घोडीचे पाय लिदीमुतानं तसेही पिवळट असतात, त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मग हे रोजचंच झालं. आणि पाय रोज थोडा जास्त सुजायला लागला.

मी बाबांना म्हटलं, "बघा, मी सांगत होते. तुमच्या काकांचं पाणी हिला लंगडी करून ठेवणार." बाबा तरी जाऊन पंप सुरू करायचे. दहाव्या दिवशी मात्र त्यांचाही धीर सुटला. "काका, आता राहू द्या," ते म्हणाले. "उद्या बेटमेवाल्याला बोलावतो." हे बोलताना त्यांनी घोडीकडे पाठ केली होती.

आजोबा खाली बसले. सुजेवर हात ठेवला, वाकून वास घेतला. केसांच्या मुळाशी अडकलेला चुन्याचा एक कण नखानं काढला आणि चिमटीत चोळला. मग त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. हळद काही एका दिवसात जात नाही. मी हात पाठीमागे घेतले.

"चूक माझी झाली," ते बाबांना म्हणाले. "पाणी कमी पडलं. पुन्हा पहिल्यापासून करू, बस पंधरा दिवस दे. फक्त दुपारी हिला कुणी हात लावायचा नाही."

मी दुपारचं जाणं बंद केलं. चार दिवसांत सूज उतरायला लागली. ग्यारसची लग्नं हुकली, पण पुढच्या मुहूर्तांना घोडी नवरदेव घेऊन चालली आणि बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. चोर सोडून संन्याशाला सुळी मिळाली आणि चोर मजेत चहा करत राहिला. बाबा घोडीवाल्यांत बसले की हसत हसत सांगायचे, "आमच्या काकांनी पहिले दहा दिवस पाय सुजवला, मग बरा केला." ती बात पसरली. इंदुरात कोणाच्या घोडीचा पाय गेला तरी आजोबांना कोणी बोलावलं नाही. एकदा त्यांच्या देखतच बाबांनी हा किस्सा पाहुण्यांना ऐकवला. आजोबा म्हणाले, "हो रे, चुकलंच होतं माझं तेव्हा." मी दाराआड उभी होते, आणि मनात काय, तर आता हे माझं नाव सांगणार, आता सांगणार.

आजोबा वारले, त्यानंतर मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

"आणि मी चार माणसांत त्यांना हसत राहिलो गं," ते म्हणाले.