सोंगटीखालचं कार्ड

जेवून परत आले तर सत्तेचाळीस नंबरचा कप्पा रिकामा. कडेवर माझी सोंगटी तशीच उभी, आत कार्ड नाही. साहेब म्हणाले, "ज्याने कार्ड घेतलं तो आज संध्याकाळी घरी जाईल, परत यायचं नाही." खोलीत आम्ही तिघंच. साहेब, मी, आणि कार्डं घालायला-काढायला ठेवलेली अक्का. माझा नवरा दम्याने अंथरुणात होता. पगार आणणारी मी एकटी.

साहेब गणकयंत्रासाठी प्रोग्राम लिहीत. यंत्र दुसऱ्या गावी, त्यावर महिन्यातून एकदा पाळी मिळे. म्हणून चुका आधी कानडी मुलखात, हेब्बाळजवळच्या या खोलीत माणसं लावून शोधायच्या. भिंतीभर कप्प्यांचं कपाट. प्रत्येक कार्डावर एका सुट्या भागाचं नाव, आणि खाली पुढचं कार्ड कुठल्या कप्प्यात आहे त्याचा नंबर. मध्ये नवा भाग आला तर बाकीची कार्डं हलवायची नाहीत, मागच्या कार्डावरचा नंबर तेवढा बदलायचा. मी चौथी शिकलेली. सोंगटी ठेवायची, नाव मोठ्याने वाचायचं, नंबर बघायचा, सोंगटी तिकडे न्यायची, एवढंच माझं काम. नात सांगते, आता त्याला इटरेटर म्हणतात. तेव्हा ते काम म्हणजे मी होते.

कार्डच नाही तर पुढचा नंबर आणू कुठून?

माझा संशय अक्कावर. तिची जाऊ नोकरी शोधत होती, मी गेले तर माझी जागा तिला मिळाली असती.

"काय अक्का, कंबरेला खोचलंस का?"

"तूच गिळलं असशील, नाचणीच्या मुद्द्यांबरोबर. पोटाला विचार."

आम्ही एकमेकींच्या पिशव्या उपसल्या. माझ्यात रिकामा डबा, तिच्यात पान-सुपारी. साहेब खिडकीशी उभे राहून बघत होते. त्यांचं काही कुणी तपासलं नाही. हे मला खटकलं.

"पहिल्यापासून पुन्हा चालते," मी म्हटलं.

"नव्वद कार्डं आहेत," साहेब म्हणाले.

"सरी, असू देत. संध्याकाळ व्हायला वेळ आहे."

नाव, नंबर. नाव, नंबर. बाराव्या कप्प्याशी थांबले. जेवणाआधी तिथूनच मी सत्तेचाळिसाकडे गेले होते. आता सत्तेचाळीस खोडून एकाहत्तर लिहिलं होतं, निळ्या पेन्सिलीने. आम्ही दोघी शिशाची वापरत होतो. निळी साहेबांच्या खिशाला असे. एकाहत्तरात कार्ड होतं. तिथून शेवटच्या कप्प्यापर्यंत नीट पोचले. साखळी कुठेही तुटली नव्हती. फक्त मी उभी होते ती जागा काढून घेतली होती.

अक्काने खोडलेला नंबर बघितला. "साहेब, स्वल्प, जरा तुमचा कोट बघा."

कार्ड कोटाच्या खिशात निघालं. तो भाग रद्द झाला, म्हणून आम्ही जेवत असताना त्यांनीच काढलं होतं. मागचा नंबर बदलला, सोंगटीकडे बघितलं नाही, आणि विसरले. विसरले हे त्यांचं म्हणणं. मला ते अजून पटलेलं नाही.

माफी मागितली नाही. कपाटावर कागद चिकटवला: सोंगटी असेल त्या कप्प्यातलं कार्ड कुणीही काढू नये. अक्काने 'कुणीही'खाली रेघ ओढली, शिशाच्या पेन्सिलीने.

संध्याकाळी तिघंही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तिघंही कामावर आलो.