अंगात हायड्रोजन असताना

त्या मशीनमध्ये पाणी ओततात हे मला आधी खरंच वाटलं नाही. लहान फ्रिजएवढं पांढरं मशीन, शेजारी पाठ टेकायची खुर्ची. गाडीच्या बॅटरीत घालतात तसलं पाणी त्यात घालायचं आणि बटण दाबायचं. मग बाटलीत बुडबुडे येतात आणि नळीतून हवा नाकात जाते. वास नाही, चव नाही, गार नाही, गरम नाही. त्या हवेला हायड्रोजन म्हणतात.

दवाखान्यात होते तेव्हाही नाकात अशीच नळी होती. म्हणून मी मुलीला विचारलं, "हा तोच ना?"

"नाय आई. तो ऑक्सिजन होता. तो जगायला लागतो. हा वेगळा."

"मग हा कशाला लागतो?"

"आतली सूज कमी होते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सेंटरच्या डॉक्टर मॅडम म्हणतात. बाहेरच्या देशात देतात म्हणं." एवढं बोलून ती काउंटरवर गेली. ती त्या सेंटरमध्ये नावं लिहून घ्यायला बसते, म्हणून तर मी तिथं गेले. आजारातून उठलेल्या लोकांना तिथं चालायला, श्वास घ्यायला शिकवतात.

मला पावसाळ्याच्या शेवटी ताप आला होता. आधी सगळ्या गल्लीला आला, तसाच मलाही. बाकीच्यांचा उतरला, माझा छातीत गेला. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, फुप्फुसात उतरलंय. घरी आले तेव्हा ताप नव्हता, खोकलाही थोडाच होता, पण दम राहिला नव्हता. नळाला पाणी आलं की दारातून उठून नळापर्यंत जायचे आणि तिथल्या दगडावर बसायचे. हंडा दुसरंच कुणीतरी उचलायचं.

मला एकच काळजी होती. चिकलठाण्यातून शेंद्र्याकडं जाताना जालना रोडला एक हॉटेल आहे, तिथं मी भाकरी करते. बाहेर मोठ्या अक्षरात पाटी आहे, चुलीवरची भाकरी. मी मागच्या पत्र्याखाली बसते, तोंड चुलीकडं, पाठ लोकांकडं. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. लग्नाकार्यातसुद्धा मी भिंतीकडंच बसते. पण चुलीसमोर बसलं की मला कुणी काही विचारत नाही, आणि भाकरी मात्र सगळे मागून घेतात. एखादा म्हणतो, "कोणाच्या हातची हो?" मालकीणबाई म्हणतात, "आमच्या मावशीच्या." मी पदर पुढं ओढते. एवढंच माझं बाहेरचं जग. दम परत आला नाही तर ते गेलं, हे मला नळावरच्या दगडावर बसल्या बसल्या कळत होतं.

पहिल्या दिवशी नळी लावणाऱ्या बाईंनी दार लावलं आणि सांगितलं, "मावशी, काडीपेटी, लायटर काही जवळ नाही ना? हा गॅस पेट घेतो. जाळापासून लांबच राहायचं."

मी मान हलवली. पेट घेतो आणि नाकात घालतात? मी लहान असताना पाचोडच्या बाजारात एक फुगेवाला यायचा. त्याचे फुगे वर उडायचे, दोरीनं ओढून धरावे लागायचे. एकदा कुणाची तरी बिडी त्या घोसाला लागली. आवाज फार मोठा झाला नाही, नुसता भक्कन उजेड झाला, आणि फुगेवाल्याच्या भुवया गेल्या. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, त्यात हायड्रोजन भरतात. ते नाव मी विसरले नव्हते. आणि आता तोच गॅस माझ्या छातीत बसला होता.

कुणाला विचारणार? मुलगी कामात. त्या बाईंना विचारलं तर त्या हसल्या असत्या. मी घरी आले आणि चुलीपासून लांब बसले. आमच्याकडं स्वयंपाकाला गॅसची शेगडी आहे, पण अंघोळीचं पाणी मागं चुलीवर तापतं. मी तिकडं गेलेच नाही. शेगडीही पेटवली नाही. देवाजवळ दिवा लावायचा होता, तो आमच्या ह्यांना लावायला सांगितला.

हे चिकलठाण्याला एका कंपनीत वॉचमन आहेत. ड्युटीवरून आले होते, तोंड धुवत होते.

"मी लावू? तुला काय झालं?"

"माझ्या अंगात गॅस हाय."

"कोणाच्या नाय? चण्याची उसळ खाल्ली का?"

मग मी सगळं सांगितलं. हे आधी हसले, मग फुगेवाल्याचं ऐकून टॉवेल घेऊन जवळ बसले. म्हणाले, "खरं हाय. आमच्या कंपनीत सिलेंडरच्या खोलीत मोबाईलसुद्धा नेऊ देत नायत." मग परत हसू आलं त्यांना. "ढेकर देताना तोंड भिंतीकडं कर. घर पेटवशील."

पण दिवा त्यांनीच लावला. आणि दुसऱ्या दिवसापासून शेगडीही त्यांनीच पेटवली. खिचडी करपली, आमटीत मीठ दोनदा पडलं. मी दारात बसून सांगायची, आता मोहरी टाका, आता आच कमी करा. शेजारच्या बायका म्हणायच्या, "काय बाई नशीब! नवरा रांधून घालतो." मी काय सांगणार? मिरच्या भाजायच्या तर ते लांब मोकळ्या जागेत नेऊन भाजायचे. डासांची कॉइल बंद केली. उदबत्ती बंद. गल्लीत कुणी कचरा पेटवला की मी दार लावून घ्यायची. हवेतून ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही असं वाटायचं.

सेंटरमध्ये रोज खुर्चीवर बसायचं, मग खाली व्यायाम. एका प्लॅस्टिकच्या डब्यात तीन गोळ्या असतात. नळी तोंडात धरायची आणि गोळ्या वर चढवायच्या. मी जोरात फुंकलं. गोळ्या हलल्याच नाहीत.

"मावशी, फुंकायचं नाही. ओढायचं."

मी परत फुंकलं. मला ओढणं येईचना. लहानपणापासून फुंकणीनं चूल फुंकलेली, श्वास म्हणजे बाहेर टाकायची वस्तू असंच अंगाला माहीत. आत ओढायचा तो फक्त पुढच्या फुंकीसाठी. त्या शिकवणाऱ्या ताईंनी स्वतःच्या डब्यावर श्वास ओढून दाखवला. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "बाई, चहा बशीतून पिता ना? तसा सुर्रर करा." सगळे हसले. मीही पदरात हसले, आणि एक गोळी थोडी उचलली गेली.

हळूहळू दोन चढायला लागल्या. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून लांबलचक व्हरांड्यात चालायला लावायचे. आधी मध्येच बसावं लागायचं. नंतर एका दमात टोकाला जाऊन परत यायला लागले. घरी नळावरचा दगड मोकळा राहायला लागला. एक दिवस मी अर्धा हंडा उचलून आणला आणि उंबऱ्यात ठेवून उगीच त्याच्याकडं बघत बसले.

मला वाटलं, हायड्रोजननं केलं. हे म्हणाले, माझ्या हातच्या खिचडीनं केलं. मुलगी म्हणाली व्यायामानं. शेजारीण म्हणाली, तिनं आणलेल्या अंगाऱ्यानं. सगळ्यांनाच मी हो म्हणाले.

मग मॅडमनी शेवटचं तपासायला बोलावलं. त्या वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला शांत. त्यांनी छाती ऐकली, कागद बघितले आणि म्हणाल्या, "छान आहे मावशी. आता गॅसची गरज नाही."

मुलगी बाजूला उभी होती. ती हसत म्हणाली, "मॅडम, सुटले आमचे वडील. आई इतके दिवस शेगडी पेटवत नव्हती, देवाचा दिवा लावत नव्हती. अंगात गॅस आहे, भडका उडेल म्हणायची."

मला खुर्चीत बुडून जावं असं झालं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अहो मावशी, ते मशीन चालू असताना त्या खोलीपुरतं. तो हायड्रोजन अंगात राहत नाही. नळी काढली की थोड्या वेळात श्वासातून निघून जातो." मग त्यांचं हसू थांबलं. "म्हणजे तुम्ही चुलीजवळ गेलाच नाहीत? अजिबात?"

"नाय."

"कॉइल, उदबत्ती?"

"ती पण नाय."

त्या थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या. मी धीर करून विचारलं. त्या सेंटरमध्ये मी आपणहून विचारलेलं तेवढंच असेल. "मग मी बरी कशानं झाले?"

"खरं सांगू? मला नक्की सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "हायड्रोजननं काही जणांना बरं वाटतं, पण किती फरक त्याचा हे अजून पक्कं कुणाला माहीत नाही. आम्ही जोडीला देतो. व्यायामाचा उपयोग आहेच. दिवस गेले की फुप्फुस आपणही सावरतं. आणि तुम्ही धुरापासून लांब राहिलात, ते फार चांगलं झालं."

भाकरी चिरली तर मला कळतं का चिरली. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, नाहीतर पाणी कोमट राहिलेलं असतं. पापुद्रा सुटला नाही तर तवा बघते, आच बघते. हात घातला की कारण सापडतं. इथं माझ्याच छातीत काय झालं ते कुणाला सांगता येईना, मॅडमलाही नाही. आणि मला ते कळायला हवं होतं. कारण गॅसनं बरी झाले असेन तर मी चुलीवर परत बसू शकत होते. धूर सुटला म्हणून बरी झाले असेन तर नाही.

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला मी ते काम सोडावं असं आधीपासून वाटतं. ती विचारणार नव्हती. मीच विचारलं, "चुलीवर बसू का मी?"

मॅडम म्हणाल्या, "मी तर नको म्हणेन. रोज तासन् तास धुरात तर मुळीच नको."

"पण गॅसनं बरं झालं असंल तर?"

"तरीसुद्धा नको."

रिक्षात मुलगी म्हणाली, "ऐकलंस ना?" घरी हे म्हणाले, "बघ तुला काय वाटतं ते," आणि त्यांनीच शेगडी पेटवली, सवयीनं. मग दोघांच्या लक्षात आलं. "पेटव की आता तू," ते म्हणाले. मी काडी ओढली. काही झालं नाही. भडका झाला नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

चार दिवस थांबून हॉटेलवर गेले. मालकीणबाईंनी आधी चहा दिला. मी चहा संपवला. मग सांगितलं, डॉक्टर मॅडम धूर नको म्हणाल्यात, शेगडीवर केली तर चालंल का.

"अगं माय, पाटी वाच की. चुलीच्या वासाला तर गाड्या थांबतात." त्या वाईट बाई नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "असं कर. तू थाप, ही भाजील."

ही म्हणजे माझ्या जागी आलेली बाई. माझ्याच वयाची, शेंद्र्याची. भाजते चांगली, पण तिला थापायला वेळ लागतो. तिनं चूल घेतली, मी परात उचलून पत्र्याच्या बाहेर, वारा जिकडून येतो तिकडं बसले.

पण भाकरी अशी दोघींत होत नाही. जो थापतो तोच ती हातावर घेऊन तव्यावर टाकतो. पहिली भाकरी मी तिच्या हातावर दिली ती मध्येच फाटली. दुसरी दुमडली.

"ताटलीत देतीस का?" ती म्हणाली.

"ताटलीला चिकटंल."

"मग फेक इकडनंच. मी झेलते."

आम्ही दोघी हसलो. मग तिनंच सुचवलं. ती चुलीवरून उठून माझ्यापर्यंत यायची, तळहात ओला करून माझ्या हाताला लावून धरायची आणि मी भाकरी तिच्या हातावर सरकवायची. बोटं सोडायची वेळ जमली की भाकरी अख्खी जायची. दुपारपर्यंत जमलं, आणि तोवर माझं तिला सेंटरचं, पाण्यातल्या गॅसचंही सांगून झालं. एकही ताट थांबलं नाही.

मी धुरात नव्हते. माझा दम नीट चालला होता. ती मात्र तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवायची, वाकून जाळ सारायची आणि खोकायची. मी ऐकत होते. माझा खोकला असाच असणार, पण मला तो कधी ऐकू आला नव्हता.

"खोकला कधीपासून हाय गं?" मी विचारलं.

"कुठं खोकला? हा तर चुलीचा हाय."

"माझी लेक हाय त्या सेंटरला ये की एकदा."

"मला पण देतील का तुझा तो पाण्यातला गॅस?"

गॅसनं बरं वाटतं म्हणू? मला बरं वाटलंय, पण कशानं ते मला माहीत नाही. नाही म्हणू? ते तरी कुठं माहीत आहे?

"धूर सोड म्हणतील," मी म्हणाले.

ती डोळे पुसत हसली. "मग भाजील कोण? तू?"

तिनं तळहात ओला केला, माझ्या हाताला लावून धरला, आणि मी पुढची भाकरी तिच्या हातावर सरकवली.