चुकलेल्या घरचा चहा

अद्वैत, मीरा,

तुम्ही दोघं या फोरमवरचे किस्से रात्री जागून वाचता, असं तुमच्या आईनं सांगितलं. म्हणून हा इथेच लिहिते आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. कारण सापडेपर्यंत मी गोष्ट सोडत नाही. ही मात्र सोडावी लागली.

आजोबांना तुम्ही बहुतेक फोनवरच ओळखता. शेवगावात त्यांचा दवाखाना होता, पण ते तिथे क्वचित सापडायचे. साप चावला, बाई अडली... असा निरोप आला की मोटरसायकल काढायची आणि निघायचं. एकदा गोदावरीला पूर होता, तर गूळ करायच्या काहिलीत बसून पलीकडे गेले. काहील म्हणजे भलीमोठी पसरट कढई. पाण्यात ती गरगर फिरते. परत आल्यावर म्हणाले, "पेशंट ठणठणीत आहे. उलट्या मलाच झाल्या."

त्यांची एक पद्धत होती. पेशंटच्या दारात पोहोचले की आत जायच्या आधी बाहेरूनच मोठ्यानं म्हणायचे, "चहा टाका." रडारड करणाऱ्या माणसांना काहीतरी काम मिळतं, असं त्यांचं म्हणणं. घरी त्यांनी मला असं कधी सांगितलं नाही. घरी ते स्वतःचा चहा स्वतः करायचे, आणि माझाही.

आणि एक खोड होती. नदी-ओढे ओलांडणारा हा माणूस घर हमखास चुकायचा. मी एकदा सोबत होते. एका दारात यांनी "चहा टाका" म्हटलं, तर आतून म्हातारी बाहेर आली.

"टाकते की. पन डाक्टर, पेशंट पलीकडल्या घरात हाय."

"बरं. मग तुमचा चहा येताना घेतो."

"मागल्या खेपंलाबी हितंच आलता तुमी."

"तुमचा चहा चांगला असतो, मावशी."

आणि खरंच, पेशंटचं सगळं आटोपलं की चुकलेल्या घरी परत जाऊन तो चहा ते प्यायचेच. कितीही उशीर झालेला असो. लोकही ठेवायचे.

ते गेल्यानंतर मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं दिल्या. नसीम आणि तिचा नवरा राहतात. नवऱ्याचा भाजीचा टेम्पो आहे, तो पहाटेच निघतो. नसीमनं आजोबांना कधी पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळची वेळ, लख्ख ऊन. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. पुढच्या दारातून आवाज आला, "चहा टाका."

मी उठले, पातेलं गॅसवर ठेवलं, चहा-साखर घातली, दूध घातलं. मग लक्षात आलं की मी काय करते आहे. बाहेर जाऊन पाहिलं. फाटकाला कडी होती. म्हटलं, वय झालं... कान वाजतात. चहा मात्र उकळत होता.

तेवढ्यात मागच्या दारातून नसीम आली. हातात रिकामी वाटी.

"काकू, थोडं दूध द्या. तुमचं पाव्हनं आमच्या दारात यून चहा टाका म्हनत्यात. आमच्यात दूध संपलंय."

"कोणते पाहुणे?"

"दिसलं न्हाईत. आवाज आला. पोटात लई दुखतंय म्हनून पडणारच हुते, झोप येतीय नुसती... पन पाव्हनं म्हनल्यावर उठले."

"काय खाल्लंस काल?"

"कायबी न्हाई. रात्री लाइट गेल्ती, खाली फरशीवर झोपलो. पित्त आसंल."

मी तिच्याकडे पाहिलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. झोपेनं येतात तशा नव्हेत. आजोबा पेशंटला आढ्याकडे बघायला सांगत, ते मला आठवलं.

"नसीम, मान न हलवता वर पंख्याकडे बघ."

तिनं प्रयत्न केला. पापण्या वर गेल्या नाहीत.

"काकू, पंखे दोन हायेत व्हय तुमच्यात?"

मी गॅस बंद केला. समोरच्या दुकानदाराची गाडी होती, तिला बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. मण्यार साप चावला होता. त्याचा दंश कळत नाही, खूणही धड दिसत नाही. पोटदुखी आणि झोप, एवढंच. तिथे इंजेक्शनं सुरू झाली, दुपारी नगरला हलवलं. तिकडच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, की सकाळी ती तशीच झोपली असती, तर त्या झोपेतून उठली नसती. आता ती बरी आहे. शेजारी तिचा कुकर वाजतो आहे, मला इथे ऐकू येतो.

मी सगळी कारणं तपासली आहेत. माझ्या कानांवर माझा भरवसा नाही, ते मी सोडून दिलं. पण तिचे कान तरुण आहेत. शिवाय 'चहा टाका' हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. बरी झाल्यावर विचारलं, आवाज कसा होता? म्हणाली, "घाईतला. पन हासल्यावानी."

आधी माझ्या दारात, मग तिच्या. पेशंट तिच्याकडे होता. म्हणजे या खेपेलाही आधी घर चुकलंच. यावेळी चुकून आले ते स्वतःच्याच घरी.

संध्याकाळी मी नगरच्या दवाखान्यातून घरी आले. पातेलं ओट्यावर तसंच होतं, चहावर जाड साय आलेली. तो कोणी घेतलेला नव्हता. आवाजाचं मला कोडं आहेच, पण या चहाचं जास्त आहे. कारण येताना तो घ्यायला ते कधी चुकले नव्हते.

मी तो लगेच ओतून दिला नाही. सकाळपर्यंत झाकून ठेवला.

— तुमची आजी